लागलेली नोकरी

रात्री साडेदहाला आईचा फोन आला की माझ्या छातीत धस्स होतं. रायपूरला तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी साडेनऊलाच दिवे मालवतात. त्यानंतर फोन म्हणजे कुणाचं तरी दुखणं, नाही तर कुणाचं तरी जाणं. त्या रात्री आई एवढंच म्हणाली, ‘‘धाकटा नोकरी सोडतो म्हणतोय.’’

मला हुश्श झालं आणि तिथेच मी चुकले. ‘‘एवढंच ना?’’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘‘एवढंच?’’ आईचा आवाज चढला. ‘‘अगं, सरकारी आहे ती. लागलेली!’’

आपल्या भाषेत पाऊस लागतो, ठेच लागते, लॉटरी लागते आणि नोकरीही लागते. माणसाने कितीही धडपड केली तरी शेवटी ती लागावी लागते. माझ्या भावाला ती लागायला जवळजवळ नऊ वर्षं लागली. बी.एससी. झाल्यापासून तो परीक्षा देत होता. राज्य लोकसेवा आयोग, व्यापमं, रेल्वे, बँका. ‘रोजगार-नियोजन’चा अंक आला की बाबा भिंग घेऊन बसायचे. आईचे पुरानी बस्तीतल्या महामायेला नवस सुरू होते. मित्रांची लग्नं झाली, मुलं शाळेत जायला लागली आणि हा अजून ‘तयारी करतोय’. शेवटी ऑगस्ट २०२२ मध्ये तो सहायक ग्रेड-३ म्हणून रुजू झाला. म्हणजे आपला साधा कारकून. पण मुहूर्त असा साधला की नातेवाईक थक्क झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत छत्तीसगड सरकारने पाच दिवसांचा आठवडा सुरू केला होता आणि नोव्हेंबर २००४ नंतर लागलेल्यांसाठी बंद झालेली जुनी पेन्शन १ एप्रिल २०२२ पासून परत आली होती. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं आमच्या मामींनी पेढा खाता खाता म्हटलंही होतं.

आणि आता हा, तेहतिशीत, लग्नाचं बोलणं चालू असताना, दोन्ही डोळे परत करायला निघाला होता. मित्राच्या बियाण्यांच्या कंपनीत कामाला लागणार होता. पगार थोडा कमी आणि पेन्शनचं नाव नाही.

खरं सांगायचं तर या प्रकरणात माझे हात स्वच्छ नव्हते. सरकारी नोकरी ही आमच्या घरात वंशपरंपरेने चालत आलेली गोष्ट. आजोबा तात्यापाऱ्यातून नागपूरच्या सचिवालयात गेले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली, तेव्हा फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर तेही भोपाळला गेले. बाबा १९७९ साली तिथेच कारकून म्हणून लागले. त्यांच्यानंतर पाळी माझी होती. मी एक परीक्षा दिली, आपटले आणि नागपूरला पत्रकारितेचा डिप्लोमा करायला पळाले. मागे राहिला तो धाकटा. ‘‘अभ्यास कर रे, एकदा लागली की निवांत,’’ असं त्याला फोनवर सांगणारी मीच होते. मी, जी स्वतः दरवर्षी कराराच्या कागदावर नव्याने सही करते! दुसऱ्याच्या निवांतपणाची काळजी करणं फार सोपं असतं.

म्हणून रजा काढली, गीतांजलीचं तिकीट मिळवलं आणि रायपूर गाठलं.

घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. बाबा वर्तमानपत्राचं तेच पान तिसऱ्यांदा वाचत होते. धमतरीहून आत्या आली होती. ती आईला धीर द्यायला आलेली, पण स्वभावाप्रमाणे स्वयंपाकघराचा ताबा घेऊन चीला आणि टोमॅटोची चटणी करत होती. भाऊ अंगणात मोटारसायकल पुसत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

‘‘काय त्रास आहे रे?’’

‘‘त्रास काहीच नाही, ताई.’’

‘‘साहेब वाईट आहेत?’’

‘‘साहेब बरे आहेत. दोन वर्षांत तीन झाले, तिघंही बरे.’’

‘‘पगार?’’

‘‘एक तारखेला होतो.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. तेच.’’

मला राग आला. याला काय, ऑफिसात पाळणा हवाय का झुलायला? पण नंतर तो बोलत गेला. जिल्ह्याजिल्ह्यांतून कागद येतात. तो त्यांना आवक क्रमांक देतो, वर एक पत्र टाइप करतो, ‘आवश्यक कार्यवाहीसाठी’ असं लिहितो आणि वर पाठवतो. वरून कागद येतात, त्यांना तसंच पत्र लावून तो खाली पाठवतो. ‘‘ताई, दोन वर्षांत माझ्या हातून किती कागद गेले असतील! त्यातल्या एकाचंही पुढे काय झालं, मला माहीत नाही. एकाचंही.’’

हे ऐकल्यावर मला एक जुनी गोष्ट आठवली. पूर्वी एका लेखाच्या निमित्ताने फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलं होतं. १९५९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक पुस्तक लिहिलं. पिट्सबर्गच्या आसपासचे सुमारे दोनशे इंजिनियर आणि हिशेबनीस यांना त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. नोकरीत अतिशय छान वाटलं असा एक प्रसंग सांगा आणि अतिशय वाईट वाटलं असा एक सांगा. उत्तरं मांडून पाहिली तर गंमत झाली. वाईट प्रसंगांत बहुतेक पगार, वरिष्ठ, नियम, जागा यांच्या तक्रारी. पण चांगल्या प्रसंगांत पगार फारसा नव्हताच. तिथे होतं काम तडीला नेल्याचं समाधान, कुणीतरी दखल घेतली त्याचा आनंद, अंगावर पडलेली जबाबदारी. म्हणजे असमाधान नसणं आणि समाधान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्याचं म्हणणं. पंखा नसेल तर माणूस चिडतो, पण पंखा लावला म्हणून तो कामाच्या प्रेमात पडत नाही.

हर्झबर्गच्या या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले. यश मिळालं की श्रेय स्वतःला आणि बिनसलं की दोष साहेबाला, हा तर मनुष्यस्वभावच आहे, असं टीकाकार म्हणाले. तेही खरं असेल. शिवाय ते इंजिनियर काही सरकारी कारकून नव्हते. पण प्रश्न मला आवडले होते आणि आमच्या घरात तर सरकारी नोकरांची मांदियाळीच बसली होती. जेवणं झाल्यावर मी ते अंगणात सगळ्यांसमोर टाकले.

बाबांनी आधी आढेवेढे घेतले. ‘‘सदतीस वर्षांतला एक दिवस कसा सांगणार?’’ मग दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘सीताफळं आली तो दिवस.’’

ती गोष्ट आम्हाला अर्धीमुर्धी ठाऊक होती, त्या दिवशी पुरी कळली.

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं. भोपाळमधल्या कर्मचाऱ्यांना कुठे जायचं ते विचारण्यात आलं. बाबांच्या कचेरीत रडारड झाली. भोपाळला घरं बांधलेली, मुलांच्या शाळा तिथल्या, आणि रायपूर म्हणजे त्यांच्या लेखी काळं पाणी. बाबांनी रायपूर मागून घेतलं. मी तेव्हा बारा वर्षांची होते आणि मैत्रिणी सोडाव्या लागल्या म्हणून बाबांशी आठवडाभर बोलले नव्हते.

नव्या राज्याला मंत्रालय नव्हतं. दाऊ कल्याणसिंह यांच्या नावाच्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत ते थाटलं गेलं. डी.के.एस. भवन म्हणत त्याला. विधानसभेला इमारत नव्हती, तिचं पहिलं अधिवेशन त्या डिसेंबरात राजकुमार कॉलेजात भरलं. बाबांचा विभाग जिथे बसला तो कधी काळी वॉर्ड होता. भिंतीवरचे खाटांचे नंबर पुसायलाही कुणाला सवड नव्हती. ‘‘मी सात नंबरच्या खाटेवर होतो,’’ बाबा हसत म्हणाले. टेबलं कमी, खुर्च्या त्याहून कमी. फायली भोपाळहून ट्रकने यायच्या आणि व्हरांड्यात ढीग पडायचे. कुठलं काम कुणाचं हेच ठरलेलं नसल्यामुळे जो पुढे होईल त्याचं. बाबा रात्री नऊला घरी यायचे, कपड्यांना धुळीचा वास यायचा. आईची चिडचिड व्हायची. पण बाबा जेवता जेवता ऑफिसच्या गोष्टी सांगत. भोपाळला असताना त्यांनी तसं कधी केल्याचं मला आठवत नाही.

२००१ च्या पावसाळ्यात कांकेरकडची एक बाई आली. तिचा नवरा शिपाई होता, नोकरीत असतानाच वारला होता. कुटुंब पेन्शन अडकलेली, कारण सेवा पुस्तिका सापडत नव्हती. भोपाळहून निघालेल्या गठ्ठ्यांत ती असावी, एवढंच कळत होतं. ती बाई तिसऱ्यांदा आली होती. बाबांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून चहाच्या सुटीत आणि पाचनंतर गठ्ठे सोडायला सुरुवात केली. त्यांचं नेमून दिलेलं काम ते नव्हतंच. चौथ्या संध्याकाळी पुस्तिका सापडली, दुसऱ्याच खात्याच्या गठ्ठ्यात. मग टिपणी लिहिली, हिशेब केला, फाईल स्वतः हातात घेऊन तीन टेबलं फिरवली. ऑक्टोबरात आदेश निघाला. दिवाळीच्या आधी ती बाई टोपलीभर सीताफळं घेऊन हजर. कांकेरची सीताफळं, डोळे मिटून खावीत अशी. बाबा म्हणाले, हे मला घेता येत नाही. ती म्हणाली, तुम्हाला कुठे देतेय, दफ्तराला देतेय. शेवटी सगळ्या विभागाने वाटून खाल्ली आणि टोपली तिला परत दिली.

‘‘त्या दिवशी कळलं,’’ बाबा म्हणाले आणि थांबले. काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही.

२०१२ मध्ये मंत्रालय नव्या रायपुरात गेलं. ऐसपैस इमारत, लिफ्ट, ए.सी. कर्मचाऱ्यांना न्यायला-आणायला बस. जुन्या इमारतीत पुढे पुन्हा इस्पितळ झालं, ही त्या भिंतींच्या दृष्टीने घरवापसीच म्हणायची. बाबांना नवी जागा आवडली होती. खुर्ची पाठीला चांगली होती, असं ते आजही सांगतात. पण त्या इमारतीतला एकही प्रसंग त्यांनी निवडला नाही. ना चांगला, ना वाईट.

त्यांचा वाईट दिवस मधल्या काळातला, दुसऱ्याच एका कचेरीतला. कुठली ते लिहायचं नाही, या अटीवर त्यांनी सांगितलं. एका हिशेबात चूक होती. बाबांनी ती टिपणीत दाखवून दिली. साहेबांनी टिपणी न वाचताच फाईल परत फेकली, अक्षरशः फेकली, आणि ‘‘जितकं सांगितलंय तितकंच करा’’ असं शिपायादेखत सुनावलं. चूक पुढे ऑडिटमध्ये निघाली. ‘‘मग तुमचंच खरं ठरलं की!’’ मी म्हटलं. ‘‘हो,’’ बाबा म्हणाले, ‘‘पण त्यानंतर दोन वर्षं मी जितकं सांगितलं तितकंच केलं.’’

आईने त्यांच्याकडे चमकून पाहिलं. तिलाही हे माहीत नव्हतं.

लंडनमध्ये सरकारी नोकरांवर मोठा अभ्यास झाला आहे. तिथली मंत्रालयं ज्या भागात आहेत त्या व्हाइटहॉलचं नाव त्याला दिलं गेलं. १९६७ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पाहणीत सुमारे अठरा हजार पुरुष होते. समजूत अशी होती की हृदयविकार हा मोठ्या जबाबदारीच्या साहेबांचा आजार. निघालं उलटंच. सर्वात खालच्या पायरीवरच्या शिपाई-दरवानांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या कितीतरी पट जास्त. १९८५ पासून स्त्रियाही धरून दहा हजारांवर कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. सर मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातून दाखवलं की, आपलं काम कसं आणि कधी करायचं यात ज्यांना काहीच बोलता येत नाही, त्यांच्या हृदयाला धोका अधिक. नोकरी पक्की, पगार पक्का, पेन्शन पक्की असलेल्या माणसांची ही गोष्ट. मला बाबांची ती दोन वर्षं आठवली. २००९ साली त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. दोन्हींचा संबंध जोडायचा मला अधिकार नाही, पण मनात आलं ते आलंच.

आत्याची पाळी आली. ती नर्स, म्हणजे एएनएम. कुरूदच्या आसपासच्या गावांत तिची सगळी नोकरी गेली. माहेरी यायची ती धमतरीच्या छोट्या लाईनच्या गाडीने, डुलत डुलत. ती गाडी आता इतिहासजमा झाली. मी तिला म्हटलं, ‘‘आत्या, १९९० साली पेरी आणि वाइज नावाच्या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी मांडलंय की काही माणसांना लोकांच्या उपयोगी पडण्याची ओढच असते, म्हणून ती लोकसेवेत येतात.’’

‘‘ओढ कसली डोंबलाची!’’ आत्या म्हणाली. ‘‘मला घरातून बाहेर पडायचं होतं. नाही तर अठराव्या वर्षी लग्न लावून दिलं असतं तुझ्या आजोबांनी.’’

ओढ नंतर लागली, हे मात्र तिने कबूल केलं. तिचा चांगला दिवस नोकरीतला नव्हताच, निवृत्तीनंतरचा होता. २७ मार्च २०१४. त्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं. पल्स पोलिओची मोहीम १९९५ साली सुरू झाली, तेव्हापासून आत्या थंडीच्या दिवसांत बर्फाच्या पेटीसकट गावोगाव फिरली होती. आधी बायका दार लावून घ्यायच्या. औषधाने पोरं होत नाहीत, असली अफवा. मग हळूहळू ‘नर्स दीदी’ दिसली की पोरंच तोंड उघडून उभी राहायला लागली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला. त्यानंतर एकही नाही. ती बातमी टीव्हीवर ऐकल्यावर आत्याने धमतरीच्या तिच्या गल्लीत पेढे वाटले. शेजाऱ्यांना वाटलं नातू झाला. ‘‘मी म्हटलं, नातू नाही, पण चालणारी पोरं खूप झाली.’’

मी भारावून काहीतरी बोलणार तोच तिने मला थांबवलं. ‘‘आता वाईट दिवस ऐक. तुम्ही पेपरवाले नेहमी अर्धंच लिहिता.’’ एका वर्षी ज्येष्ठतेच्या यादीत तिच्याखालची बाई वर चढली आणि पदोन्नती तिला मिळाली. कारण विचारायला गेली तर, ‘‘तुम्ही तर सेवाभावी आहात, तुम्हाला कशाला हवं हे सगळं?’’ असं उत्तर मिळालं. आत्या सांगत होती आणि इतक्या वर्षांनंतरही तिच्या हातातला झारा थरथरत होता.

हे मला महत्त्वाचं वाटतं. समाधान पैशात नसतं असं म्हणणाऱ्यांचं फावतं ते इथेच. छत्तीसगडमध्ये २००२ साली ‘मितानिन’ योजना सुरू झाली. मितानिन म्हणजे छत्तीसगढीत जिवाभावाची, मानलेली मैत्रीण. गावातलीच एक बाई गावाच्या आरोग्याची राखण करणार. पुढे देशभर आलेल्या ‘आशा’ योजनेला ज्या प्रयोगांनी वाट दाखवली, त्यांत हा एक मोठा. या बायकांची कामावरची माया खोटी नाही. पण त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत, कामागणिक थोडे पैसे मिळवणाऱ्या, आणि योग्य मानधनासाठी त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. शिक्षाकर्मींचंही तसंच. एकाच शाळेत, शेजारशेजारच्या वर्गांत दोन मास्तर. एक नियमित आणि दुसरा शिक्षाकर्मी, पगारात जमीन-अस्मानाचा फरक. जुलै २०१८ पासून त्यांना शिक्षण खात्यात सामावून घेणं सुरू झालं, तोवर कित्येकांचे केस पांढरे झाले होते. पगार किती यापेक्षा शेजारच्याला किती, हे माणसाला जास्त बोचतं. समाधानाचं बोलायचं तर पहिल्यांदा हा काटा काढायला हवा. हर्झबर्गही पगार बिनमहत्त्वाचा म्हणत नव्हताच.

रात्र बरीच झाली होती. भाऊ इतका वेळ गप्प होता. ‘‘आता तू,’’ आई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला होता.

‘‘वाईट दिवस असा नाही,’’ तो म्हणाला. ‘‘सगळे सारखेच आहेत.’’

मला हे त्या रात्रीचं सर्वात वाईट उत्तर वाटलं. बाबांनाही वाटलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

‘‘आणि चांगला?’’

तो जरा लाजला. ‘‘हसू नका. निवडणुकीची ड्युटी.’’

आम्ही खरंच हसलो. इलेक्शन ड्युटी चुकवण्यासाठी लोक काय काय युक्त्या करतात! पण तो सांगायला लागला आणि आमचं हसू थांबलं. १७ नोव्हेंबर २०२३, विधानसभेचं मतदान. अभनपूर तहसिलीतल्या एका गावची शाळा. आदल्या रात्री चौघं वर्गातल्या फरशीवर झोपले, डासांनी फोडून काढलं. पहाटे चारला उठून गार पाण्याने आंघोळ. तो दोन नंबरचा मतदान अधिकारी. रजिस्टरमध्ये नोंद करायची, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि बोटाला शाई लावायची. सकाळी आठपासून रांग. एका म्हातारीला नातवाने पाठीवरून आणलं होतं. शाई लावताना ती म्हणाली, ‘‘बने लगा दे बेटा.’’ नीट लाव बाळा. तिला ते बोट घरी जाऊन सगळ्यांना दाखवायचं होतं. याने अगदी मन लावून रेघ ओढली.

‘‘पाचला मतदान संपलं. मशीन बंद केलं, बेरजेचं बटण दाबलं. माझ्या रजिस्टरचा शेवटचा नंबर होता आठशे चौदा. मशीनवर आलं आठशे चौदा.’’ त्याचे डोळे चमकत होते. ‘‘बाबा, जुळलं! एकही इकडे-तिकडे नाही. रात्री सेजबहारला मशीन जमा करायच्या रांगेत दोन वाजले. पाय मोडून आले होते. पण घरी येताना मी मोटारसायकलवर गाणं म्हणत होतो.’’

आईला आठवलं, त्या रात्री त्याने उठवून तिला पोहे मागितले होते.

मी मनाशी पाहत होते. एका दिवसाच्या त्या कामाचे पैसे किरकोळ, सोय शून्य, झोप नाही, वर चूक झाली तर निलंबनाची भीती. पण काम सुरू झालेलं त्याने पाहिलं आणि संपलेलंही पाहिलं. समोर माणूस होता, कागद नव्हता. आणि त्याच्या रजिस्टरला त्या दिवशी काही अर्थ होता. बाबांच्या गठ्ठ्यांत, आत्याच्या बर्फाच्या पेटीत हेच तर होतं. बिचारा नोकरीला कंटाळलाच नव्हता. नोकरीत नोकरी सापडत नव्हती, त्याला कंटाळला होता. आणि आम्ही सगळे त्याला पेन्शनचे आकडे मोजून दाखवत होतो.

‘‘मग जिथे माणसं येतात तिथे जा ना,’’ बाबा एकदम म्हणाले. ‘‘तुमच्या खात्याची जिल्हा कार्यालयं आहेत. तिथे खिडकीवर लोक येतात.’’

‘‘राजधानी सोडून?’’ आई उठूनच बसली. ‘‘लोक जिल्ह्यातून इकडे यायला धडपडतात आणि हा उलटा जाणार? खिडकीवर शिव्या खायला?’’

‘‘शिव्या तर खायला मिळतील,’’ आत्या म्हणाली, ‘‘पण कुणी तरी आपल्याकडे बघून देईल.’’ मग जरा थांबून, ‘‘धमतरीला जागा आहे का बघ. माझी वरची खोली रिकामीच आहे.’’

बाबांनी त्याला समोर बसवून अर्ज लिहायला लावला. मजकुरावरून दोघांची जुंपली. बाबांना ‘सविनय निवेदन’ हवं होतं, त्याला सरळ मुद्द्यावर यायचं होतं. रात्री साडेअकरापर्यंत आमच्या घरी दिवे चालू होते. मित्राच्या कंपनीला त्याने नाही म्हटलेलं नाही, मार्चपर्यंत थांब एवढंच सांगितलं आहे. मीही त्याला काही सल्ला दिला नाही. या बाबतीत माझे सल्ले पुष्कळ झालेत.

मी मुंबईला परतल्याला तीन आठवडे झाले. काल त्याला फोन केला. ‘‘अर्जाचं काय झालं रे?’’

‘‘दिला ना. आमच्याच शाखेत आला. मीच आवक क्रमांक टाकला.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काय, वर पाठवलाय,’’ तो हसायला लागला. ‘‘आवश्यक कार्यवाहीसाठी.’’